काच वेगळी ठेवावी

धाराशिव,
८ जानेवारी २०२४

प्रिय तारा,

तुझं आंतरदेशीय पत्र मिळालं. कानाचं यंत्र बदलूनही फोनमध्ये नुसतं घुमतंय म्हणतेस, म्हणजे आता आपण दोघी शेवटपर्यंत पत्रंच लिहिणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. तेरच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग घेत होतो, तेव्हाही तास चालू असताना आपण चिठ्ठ्याच पाठवायचो.

तुमच्या शेजारच्या बिरूची करिश्मा कामाला लागली. तू लिहिलं होतंस म्हणून मी ठेकेदाराकडं शब्द टाकला आणि ती आमच्याच भागाच्या घंटागाडीवर आली. सकाळी कचरा गोळा करते, दुपारी शिवणाच्या क्लासला जाते, मावशीकडं राहते. काम आटोपलं की माझ्याकडं येऊन जेवते. माझ्या लिंबाच्या लोणच्यावर तिचा फार जीव. चार फोडी वाढल्या तर बोटं चाटून म्हणते, "बाई, अजून एक."

आता माझं सांगते. आमच्या गल्लीनं स्वच्छ गल्ली स्पर्धेत नाव दिलं आहे आणि बायकांनी मला अध्यक्ष केलं आहे. निवृत्त मास्तरीण दुसरं काय करणार? घरोघरी जाऊन शिकवते. भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा माठात टाकायचा, वर सुका पाला, आठवड्यातून एकदा आंबट ताक शिंपडायचं, माठ भरला की उरलेलं गाडीच्या ओल्या कचऱ्यात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा तोडून टाकायचा नाही, तो पिशवीलाच लटकत राहू द्यायचा, नाहीतर तो चिमुकला तुकडा गटारात जातो. दही आणायला डबा न्यायचा. मी एक चिठ्ठी छापून प्रत्येक दारावर चिकटवली आहे. तिच्यातलं शेवटचं वाक्य ठळक अक्षरात आहे: काच वेगळी ठेवावी, खोक्यात घालून वर "काच" असं लिहावं.

संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून लुटायचे नाहीत, असं ठरवलंय. जुन्या साड्यांच्या पिशव्या देणार. सगळ्या करिश्मा माझ्या मशीनवर शिवतेय. टीप अशी सरळ घालते की क्लासच्या बाईंनीही एक पिशवी मागून नेली.

रेवणप्पा कुंभाराला वीस माठ सांग. तळाला भोकं पाडलेले हवेत.

तुझी,
चंद्रा


तेर,
१९ जानेवारी २०२४

चंद्रा,

रेवणप्पाला निरोप दिला. म्हणतो, आजवर भोक निघालं म्हणून माठ परत आणणाऱ्या बाया बघितल्या, भोक पाडून मागणारी ही पहिलीच. पुढच्या आठवड्यात टेम्पोत घालून पाठवतो म्हणालाय.

तुझी मोहीम वाचून हसू आलं. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकायची, त्यातूनबी उरली तर म्हशीला, राख भांड्याला, बाकीचं उकिरड्यात. हे आपल्या आयांनी कुठं शिकून केलं होतं? पण खोटं कशाला बोलू. परवा शेतात खत पसरायला घेतलं तर उकिरड्यातून घमेलंभर चकाकत्या पुड्या निघाल्या. माझ्याच नातवंडांनी खाऊन टाकलेल्या. म्हणून तुझी चिठ्ठी म्याबी दारावर लावली.

करिश्मानं धाडलेली पिशवी तिच्या आईनं, सिताबाईनं, साऱ्या आळीत दाखवली. तिला त्या पिशवीतून काही आणायचं नसतं, तरी ती खांद्याला अडकवून हिंडते. बिरू काय बोलत न्हाय, पण मेंढरं घेऊन जाताना आता त्याची भाकरी त्याच पिशवीत असती. पोरीनं मशीन घ्यायचं मनावर घेतलंय. तेरला दुकान टाकीन म्हणते, ब्लाउज शिवीन.

एक काम कर. तिला चांगले रबरी हातमोजे घेऊन दे. ठेकेदारानं दिलेले आठ दिवसांत फाटले म्हणं. ती स्वतः तुला सांगायची न्हाय, लाजाळू हाय. तुझ्या भरवशावर आमी तिला शहरात धाडलंय, एवढं लक्षात असू दे.

तारा


धाराशिव,
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय तारा,

सिताबाई आणि बिरू दवाखान्यात येऊन गेले, त्यामुळं तुला कळलंच असेल. तरी जे झालं ते मी लिहायला हवं.

गुरुवारी सकाळी स्पर्धेचे परीक्षक आले. घंटागाडी गल्लीच्या टोकाला उभी होती, आम्ही सगळ्या भोवती. एका परीक्षकांनी विचारलं की ओला कचरा खरोखर वेगळा असतो का. करिश्मा हसून म्हणाली, "आमच्या गल्लीचा ओला कचरा म्हणजे नुसता पाला, साहेब. हात घालून दाखवू का?" आणि तिनं खरंच कोपरापर्यंत हात घातला.

आत काच होती. उजव्या हाताच्या तळव्यापासून दोन बोटांपर्यंत खोल कापलं. ती ओरडली नाही. हात बाहेर काढून त्याच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मी पदर गुंडाळला, रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, शिरा तुटल्यात, ऑपरेशन करावं लागेल. ते शुक्रवारी झालं. खर्च मी केला आहे, त्याचा विषय बिरूपाशी काढू नकोस.

हातमोजे आणायचे राहून गेले होते, तारा. आज आणू, उद्या आणू करत महिना गेला. त्यासाठी तू मला काय हवं ते बोल.

काच कुणाच्या घरातली ते कळलं नाही. कुणीतरी घाईत टाकली असेल. मी रोज दवाखान्यात जाते, तिच्याजवळ बसते.

चंद्रा


तेर,
३ मार्च २०२४

चंद्रा,

हातमोजे राहिले, राहिले. त्याचं मी काय बोलू? म्यासुद्धा पुन्हा आठवण केली न्हाय.

पण काच टाकणारा कोण ते शोधून काढ. तू दारोदार चिठ्ठ्या लावल्यास, आणि एका माणसाला एवढंबी जमलं न्हाय? खोक्यात घालून दारापाशी ठेवायचं, एवढंच तर काम. सिताबाई तिकडून आली तशी जेवली न्हाय. मला इचारते, "बाई, त्या माणसाला रात्रीला झोप लागत आसंल का वो?"

तू अध्यक्ष हायेस. सोडू नको त्याला.

तारा


धाराशिव,
३० मार्च २०२४

प्रिय तारा,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरात शिवप्रसाद नावाचा भाडेकरू होता. कोर्टात कारकून. बायको नाही, घरात फक्त लकव्यानं अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. हा माणूस कधीमधी पितो, हे सगळ्यांना ठाऊक. काच त्याच्याच बाटलीची, असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. मारुतीच्या मंदिरात बैठक झाली. घरमालक कुलदीप मला म्हणाला, "बाई, तुम्हीच निवाडा करा."

मी उठून एवढंच म्हणाले, "पुराव्याशिवाय कुणाचंही नाव घेऊ नये." आणि खाली बसले. पण ऐकतं कोण? कुलदीपनं त्याला महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितलं. काल त्यांनी सामान भरलं. म्हातारीला चादरीच्या झोळीत घालून चौघांनी टेम्पोत ठेवलं. उन्हं फार होती. येडशीला त्याच्या मेहुण्याची खोली आहे, तिकडं गेले. मी खिडकीतून बघत होते.

स्पर्धेत आमच्या गल्लीला दुसरा नंबर मिळाला. सत्काराला मी गेले नाही. डोकं दुखतंय, असा निरोप पाठवला.

करिश्माचे टाके निघाले. आता तेरला जाते म्हणाली. मी म्हणाले, माझ्याकडं राहा, बोटांचे व्यायाम इथं नीट होतील. तिनं मान हलवली आणि पिशवी उचलली. बस सुटेपर्यंत मी स्टँडवर उभी होते. ती खिडकीपाशी बसली होती, पण तिनं बाहेर बघितलं नाही.

चंद्रा


तेर,
१४ एप्रिल २०२४

चंद्रा,

पोर घरी हाय. दोन बोटं वाकत न्हाईत. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम म्या समोर बसून करून घेते, रबराचा चेंडू दाबायला लावते. चेंडू हातातून निसटून जातो. कात्री धरायचं तर नावच नको. परवा सिताबाईनं ब्लाउजचं कापड पुढं ठेवलं, पोरीनं ते घडी घालून पुन्हा पेटीत टाकलं.

ती फार बोलत न्हाय. एकदा बोलली, की हात कापला तेव्हा कापल्यापेक्षा आग जास्त झाली. दवाखान्यात जखम धुताना डॉक्टरनंबी इचारलं म्हणं, ह्यात मीठ-तेल कुठून आलं? म्या त्या दारुड्याला शिव्या घातल्या, तर म्हणते, "त्या भाऊंचा दोष न्हाय, बाई. त्यांना बोलू नगा." बघ किती चांगल्या मनाची पोर. ज्यानं हात घालवला त्याचीच बाजू घेते.

तुझी तिला लई आठवण येत आसंल. तुझं नाव काढलं की उठून मेंढरांच्या वाड्याकडं जाते. तू एकदा येऊन जा. ह्या घरात तुझ्या शब्दाला किंमत हाय. तू सांगितलंस तर ती पुन्हा मशीनवर बसंल.

तारा


धाराशिव,
२१ एप्रिल २०२४

तारा,

ती काच माझी होती.

हे वाक्य दोन महिने मला लिहिता आलं नाही. तुझ्या पत्रात जखमेतल्या मिठाचं वाचलं आणि कळलं, की तिला ठाऊक आहे. कदाचित पहिल्यापासून.

त्या गुरुवारी सकाळी परीक्षक घरातही डोकावतील म्हणून मी फडताळ पुसायला घेतलं. वरच्या फळीवरची लोणच्याची काचेची बरणी हातातून सुटली. ओट्यावर, फरशीवर तेल, मीठ, फोडी आणि काचा. तेवढ्यात कोपऱ्यावर घंटा वाजली. वेळ नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. वेळ होता. रिकामं खोकंही दाराआड होतं. पण अध्यक्षबाईंच्या दारात त्याच दिवशी फुटक्या काचेचं तेलकट खोकं दिसलं असतं, बायका काय झालं म्हणून विचारत आत आल्या असत्या, आत सगळा राडा. मला लाज वाटली. मी सगळं सुपलीनं गोळा करून ओल्या डब्यात ढकललं, वर मेथीच्या काड्या टाकल्या आणि डबा स्वतःच्या हातानं गाडीत उलटा केला. मनात म्हटलं, गावाबाहेर कचऱ्याच्या खड्ड्यात जाऊन पडेल, कुणाला कळणार आहे?

पुढं करिश्मानं हात घातला. ती हसत होती, तारा. तिनं हात उचलला तेव्हा थांब म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. मी तोंड उघडलं आणि परीक्षकांकडं बघितलं.

नंतर रोज ठरवत होते की आज सांगू. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी तिला मोसंबी सोलून देत होते आणि पहिल्या दिवशी नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कसं सांगणार, असं करत दिवस गेले. मग शिवप्रसादचं नाव निघालं आणि गप्प राहणं आणखी सोपं झालं. पुराव्याशिवाय नाव घेऊ नये, हे मी त्याच्यासाठी बोलले नव्हते. पुरावा शोधायला कुणी निघू नये म्हणून बोलले.

तू मला तेरला बोलावतेस. सिताबाईच्या समोर मी कशी बसू?

हे पत्र तू तिला वाचून दाखव किंवा फाडून टाक. तुला योग्य वाटेल ते कर.

चंद्रा


धाराशिव,
३० मे २०२४

तारा,

तुझं उत्तर आलं नाही. मी मागतही नाही. पुढं काय झालं ते फक्त कळवते.

गल्लीतल्या बायकांना मी मंदिरात बोलावलं आणि सगळं सांगितलं. घरी जाताना दोघीतिघी थांबल्या. एक म्हणाली, "आता कशाला काढलंत बाई, मिटलं होतं की." तिचं ते बोलणं शिवीपेक्षा जड गेलं. अध्यक्षपद सोडलं. कुलदीपला म्हटलं, शिवप्रसादला खोली परत दे. तर त्यानं ती दुसऱ्याला दिली होती.

मग येडशीला गेले. स्टेशनामागं पत्र्याची खोली आहे. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत म्हातारीच्या अंगावर ओला पंचा टाकलेला. शिवप्रसादनं मला बघितलं आणि धावत जाऊन शेजारून खुर्ची आणली. "बाई, तुम्ही इतक्या लांब?" म्हणाला. माठातलं पाणी दिलं. मी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली, कारण प्यायल्यावर सांगता आलं नसतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. बराच वेळ आईला पंख्यानं वारा घालत राहिला. मग म्हणाला, "त्या बैठकीला मी मागं खांबाआड उभा होतो. पुराव्याशिवाय नाव घेऊ नये, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला वाटलं, सगळ्या गल्लीत एक माणूस तरी आपल्या बाजूनं आहे. घरी जाऊन आईला तसं सांगितलं मी."

निघताना म्हातारीनं डाव्या हातानं मला नमस्कार केला. तिला काही कळलं नव्हतं. तो तिला सांगणारही नाही, असं म्हणाला.

मी अजून साली माठातच टाकते, दह्याला डबाच नेते. दारावरची चिठ्ठी मात्र काढली. ती वाचून मला घरात पाऊल टाकवत नव्हतं.

चंद्रा


तेर,
७ जुलै २०२४

चंद्रा,

अडीच महिने म्या तुला लिहिलं न्हाय. दोन्ही पत्रं ट्रंकेत ठेवली होती. पहिलं वाचलं त्या दिवशी मला वाटलं, आपण तीस वर्सं एका डब्यात जेवलो आणि मला हे माणूस ठाऊकच न्हाय. त्या पोरीला तुझ्याकडं म्या धाडलं. काच टाकणाऱ्याला सोडू नको, असं म्याच तुला लिहिलं. मला कुठं तोंड लपवावं कळंना.

सिताबाईला सांगायला धीर झाला न्हाय. परवा करिश्मा एकटी होती, वाड्यात मेंढरांना पाला टाकत होती. डाव्या हातानं. तिला बसवून दोन्ही पत्रं वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकलं. येडशीच्या म्हातारीचं आलं तेव्हा डोळे पुसले, बाकी काय न्हाय.

म्या इचारलं, तुला ठाऊक होतं व्हय?

म्हणाली, "हात बाहेर काढला तेव्हाच. बोटांना लोणच्याचा वास होता. त्या लोणच्याचा वास मी विसरंन का बाई?"

मग बोलली का न्हाईस, म्हणलं.

ती पाल्याच्या काड्या मोडत बसली. मग सांगितलं. तू रोज दवाखान्यात येऊन उशाशी बसायचीस, तवा तिला रोज वाटायचं, आज बाई सांगतील. तू मोसंबी सोलायचीस आणि ती तुझ्या तोंडाकडं बघत राहायची. तिला तुझी लाज सगळ्यांसमोर काढायची नव्हती, तू आपणहून बोलावंस एवढंच वाटत होतं. त्या शिवप्रसादला घर सोडायला सांगितलं त्या दिवशी तिनं वाट बघायचं सोडलं, आणि टाके निघाल्याबरोबर पिशवी भरली.

बोटं आहेत तशीच हायेत. डॉक्टर म्हणतात आता फार फरक पडायचा न्हाय. ती बापाबरोबर मेंढरांमागं जाते. शिवणाचं नाव कुणी काढत न्हाय. सिताबाईला तिनं स्वतःच सांगितलं काल. सिताबाई रडली, मग तुझ्यावर चिडली, मग म्हणाली की बाईंनी लोणचं दिलंबी होतं लेकीला. तिचं तिलाच कळत न्हाय काय म्हणावं. म्हणून तू ये, असं म्या आत्ता लिहीत न्हाय.

पत्र टाकायच्या आधी पोरीला इचारलं, बाईंना काय निरोप देऊ? आधी नुसती मान हलवली. म्या अंगणाच्या पायरीपर्यंत आले, तर मागनं आली आणि म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं आसतं तर मी म्हणले आसते, चुकून झालं बाई, तुमी रडू नगा. खरंच म्हणले आसते. आता ते माझ्या तोंडातून येत न्हाय."

हे तिचे शब्द. म्या जसे ऐकले तसे लिहिले.

तारा